स्तनाच्या शस्त्रक्रियेचा शिल्पकार आणि मॉर्फिनची कुपी

१८९० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात सर विल्यम ऑस्लर या विख्यात वैद्याने आपल्या सहकारी सर्जनला एकदा अचानक हुडहुडी भरलेली पाहिली. हिवतापाची थंडी ऑस्लर यांना चांगली ओळखता येत होती. ही तशी नव्हती. रोज ठरावीक वेळी शरीरात जाणारे मॉर्फिन चुकले की नाक गळते, जांभया येतात, अंगावर काटा येतो, पोटात मुरडा येतो आणि थंडी वाजते. चाळिशीकडे झुकलेल्या, उत्तम कपडे घालणाऱ्या, कमी बोलणाऱ्या त्या सर्जनचे गुपित ऑस्लर यांना त्या थंडीने सांगितले. त्यांनी ते कुणापाशी उघड केले नाही. एका छोट्या वहीत लिहून ठेवले आणि वही बंद केली.

तो सर्जन म्हणजे विल्यम स्ट्युअर्ट हॉल्स्टेड. स्तनाच्या कर्करोगावरच्या आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया ज्यांनी घातला ते हेच. शस्त्रक्रियेच्या खोलीत रबरी हातमोजे आले ते त्यांच्यामुळे. नसेजवळ औषध टोचून शरीराचा एक भाग बधिर करण्याची युक्ती पहिल्यांदा पद्धतशीरपणे वापरली तीही त्यांनीच. आणि आयुष्याची शेवटची छत्तीस वर्षे या माणसाचे मॉर्फिन सुटले नाही. हे मॉर्फिन त्यांना कुण्या गुत्त्यावर मिळाले नव्हते. ते उपचार म्हणून, डॉक्टरांच्या हातून आले होते.

हॉल्स्टेड यांचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ चा, न्यूयॉर्कमधल्या एका धनाढ्य व्यापारी घरातला. वडिलांचा कापडाच्या आयातीचा मोठा धंदा. येल विद्यापीठात मुलगा फुटबॉलच्या संघाचा कर्णधार झाला. ग्रंथालयातून त्याने कधी पुस्तक नेल्याची नोंद सापडत नाही, असे त्याचे चरित्रकार गमतीने सांगतात. शेवटच्या वर्षी मात्र त्याने शरीररचनेचे आणि शरीरक्रियेचे एकेक पुस्तक विकत घेतले आणि गडी बदलला. १८७४ मध्ये तो न्यूयॉर्कच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला. (त्याच वर्षी इकडे अप्पर गोदावरी जिल्हा मोडला आणि त्याचे मुख्य ठाणे असलेले सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडले गेले. प्राणहितेच्या काठच्या त्या गावाचा या गोष्टीशी संबंध पुढे येईल.) १८७७ मध्ये पदवी, मग दोन वर्षे व्हिएन्ना, हाले, वुर्झबुर्ग अशी जर्मन भाषेच्या मुलखातली भ्रमंती. बिलरोथ आणि फोल्कमान यांच्यासारख्या सर्जनांचे हात त्याने जवळून पाहिले.

१८८० मध्ये परतलेले हॉल्स्टेड पुढची चार वर्षे झपाटल्यासारखे काम करत होते. एकाच वेळी पाच-सहा रुग्णालयांत शस्त्रक्रिया, संध्याकाळी विद्यार्थ्यांचे वर्ग. बहिणीला बाळंतपणानंतर रक्तस्राव झाला तेव्हा स्वतःच्या नसेतले रक्त काढून त्यांनी तिला दिले. रक्तगटांचा शोध लागायला तेव्हा वीस वर्षे अवकाश होता. बहीण वाचली ती नशिबाने. १८८२ मध्ये आईच्या पोटात दुखू लागले तेव्हा रात्री दोन वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिला निजवून पित्ताशयातले सात खडे त्यांनी काढले. अशी शस्त्रक्रिया अमेरिकेत तोवर क्वचितच कुणी केली होती. धाडसी, मोकळा, मित्रांत रमणारा असा त्या काळातला हॉल्स्टेड होता. पुढच्या हॉल्स्टेडला ओळखणाऱ्यांना हे खरे वाटत नसे.

१८८४ च्या सप्टेंबरात जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत एक प्रयोग दाखवण्यात आला. व्हिएन्नाचा तरुण डॉक्टर कार्ल कोलर याने शोधून काढले होते की कोकेनच्या द्रावणाचे थेंब टाकले तर डोळा बधिर होतो आणि जागेपणी त्यावर शस्त्रक्रिया करता येते. ही बातमी काही आठवड्यांत अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोचली. हॉल्स्टेड यांच्या मनात लगेच पुढचा प्रश्न आला. थेंबाने डोळ्याचा पृष्ठभाग बधिर होत असेल, तर हेच औषध सुईने थेट नसेपाशी सोडले तर त्या नसेच्या ताब्यातला सगळा भाग बधिर होईल का? जबड्याची नस, हाताची नस, एकामागून एक प्रयोग झाले आणि उत्तर होकारार्थी आले. एखाद्या वस्तीचा वीजपुरवठा बंद करायचा तर घरोघरचे दिवे मालवत फिरण्याऐवजी डीपीवरच खटका पाडावा, तसे हे होते. आज दाताच्या डॉक्टरकडे जबडा बधिर होतो तो याच मार्गाने.

प्रयोग कुणावर केले? स्वतःवर, सहकाऱ्यांवर, विद्यार्थ्यांवर. तेव्हाची तीच रीत होती. कोकेनची सवय लागते हे फारसे कुणाला ठाऊक नव्हते. उलट ते टॉनिक म्हणून, थकवा घालवणारे म्हणून विकले जात होते. व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉईड नावाचा तरुण डॉक्टर तर मॉर्फिनचे व्यसन सोडवण्यासाठी कोकेन सुचवत होता. काही महिन्यांत हॉल्स्टेड आणि त्यांचे साथीदार वेदनेसाठी नव्हे, तर कोकेनसाठीच कोकेन घेऊ लागले. १८८५ च्या सप्टेंबरात त्यांनी या विषयावर वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेला लेख आजही वैद्यकाच्या इतिहासात दाखवला जातो, पण शोधासाठी नाही. त्याचे पहिलेच वाक्य शंभराहून अधिक शब्दांचे आहे आणि त्याचा अर्थ शेवटपर्यंत लागत नाही. रेखीव लिहिणाऱ्या माणसाच्या मेंदूचे काय झाले होते, ते त्या एका वाक्यात दिसते. प्रयोगांतल्या सोबत्यांपैकी बरेच जण पुढे व्यसनात संपले. जवळचा सहकारी रिचर्ड हॉल न्यूयॉर्क सोडून दूर कॅलिफोर्नियात गेला आणि १८९७ मध्ये वारला.

हॉल्स्टेड वाचले, कारण त्यांना मित्र होता आणि पैसा होता. विकृतिशास्त्रज्ञ विल्यम वेल्श यांनी १८८६ च्या सुरुवातीला त्यांना समुद्रप्रवासाला पाठवले. शिडाच्या जहाजावर बरोबर नेलेला साठा हळूहळू कमी करत संपवायचा, असा बेत होता. तो फसला, परतीच्या वाटेवर त्यांनी कप्तानाची औषधपेटी फोडली असे सांगतात. मग ऱ्होड आयलंडमधल्या बटलर या मनोरुग्णालयात सात महिने काढावे लागले. तिथे कोकेनची ओढ शमवण्यासाठी मॉर्फिन दिले गेले, असे बहुतेक चरित्रकारांचे मत आहे. फ्रॉईड यांनी जी अदलाबदल सुचवली होती, तिचीच ही उलटी बाजू. १८८७ मध्ये पुन्हा एकदा बटलरची वारी झाली. बाहेर पडलेल्या हॉल्स्टेड यांच्यामागे आता दुसरे औषध लागले होते.

मॉर्फिन ही अफूची मुख्य देणगी. खसखशीच्या बोंडाला चिरा पाडल्यावर जो चीक येतो ती अफू. आपल्या माळव्यात ती पिकते आणि एकेकाळी मुंबईच्या बंदरातून चीनला जात असे. या चिकातून मॉर्फिन वेगळे काढले ते जर्मन औषधविक्रेता झेर्ट्युर्नर याने, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. मेंदूत आणि पाठीच्या कण्यात काही ठरावीक खाचा असतात. शरीर स्वतः तयार करत असलेली वेदनाशामक द्रव्ये त्यांत बसतात. मॉर्फिन नेमके तिथेच जाऊन बसते आणि वेदनेचा निरोप वर पोचू देत नाही. पण त्याच खाचा आतड्यात असतात, म्हणून बद्धकोष्ठ होतो; श्वासाच्या केंद्रात असतात, म्हणून मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो आणि माणूस दगावतो. शिवाय सुखाचा अनुभव देणारी मेंदूतली वाटही याच औषधाने उजळते. काही दिवस औषध सतत मिळाले की शरीर त्याला सरावते, तेवढ्याच आरामासाठी जास्त मात्रा मागते आणि ते थांबले तर थंडी, मुरडा, अस्वस्थता अशी तक्रार करते. हा सराव म्हणजे चारित्र्यातला दोष नव्हे. लोखंडाला गंज चढावा तितकी ती साधी, शारीरिक गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत मॉर्फिनच्या आहारी गेलेल्यांत मध्यमवर्गीय स्त्रियांची संख्या मोठी होती, आणि त्यांतल्या बहुतेकींना ते कुठल्या ना कुठल्या दुखण्यासाठी डॉक्टरांनीच सुरू करून दिलेले होते.

वेल्श यांनी हॉल्स्टेड यांना बाल्टिमोरला नेले, स्वतःच्या घरात ठेवले आणि प्रयोगशाळेत काम दिले. ७ मे १८८९ रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले. तिथे आधी हंगामी म्हणून आणि १८९० मध्ये मुख्य सर्जन म्हणून त्यांची नेमणूक झाली. दोन वर्षांनी ते प्राध्यापक झाले. न्यूयॉर्कचा झपाटा आता राहिला नव्हता. शस्त्रक्रिया संथ, तास न् तास चालणारी. कापलेला प्रत्येक रक्तवाहिनीचा तोंडभाग चिमट्यात धरायचा, बारीक रेशमाने बांधायचा, मांस ओढायचे नाही, चुरगळायचे नाही. तोवर सर्जनची थोरवी घड्याळावर मोजली जाई, कारण भूल नसताना झटपट उरकणे हीच दया होती. भूल आल्यावरही हात तसेच घाई करत राहिले. ती घाई मोडली हॉल्स्टेड यांनी. जखम जितकी कमी दुखावली जाईल तितकी ती लवकर भरते आणि नंतर कमी दुखते, ही साधी गोष्ट त्यांनी एका पिढीला शिकवली.

हातमोज्यांची हकिगत प्रेमाची आहे. शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या मुख्य परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांची कातडी जंतुनाशक पाऱ्याच्या द्रावणाने सोलून निघत होती. हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीला त्यांच्या हातांच्या मापाचे पातळ रबरी मोजे करायला सांगितले. ४ जून १८९० रोजी दोघांचे लग्न झाले. मोजे रुग्णाला जंतूंपासून वाचवतात हे नंतर, सर्वांनी ते वापरायला लागल्यावर ध्यानात आले.

आता स्तनाच्या कर्करोगाकडे. त्या काळी गाठ म्हणजे मृत्युपत्र. शस्त्रक्रिया होत असे, पण युरोपातल्या नामवंत सर्जनांकडेही निम्म्याहून अधिक बायकांना त्याच जागी पुन्हा गाठ येई. हॉल्स्टेड यांचा तर्क असा की कर्करोग मुळापासून कडेकडेने, टप्प्याटप्प्याने पसरतो. म्हणून तो जिथवर पोचला असेल त्याच्या पलीकडून, एकसंध काढला पाहिजे. स्तन, त्याखालचे छातीचे दोन्ही स्नायू आणि काखेतल्या लसिका ग्रंथी, सगळे एका तुकड्यात. न्यूयॉर्कमध्ये असतानाच त्यांनी याची सुरुवात केली होती. १८९४ मध्ये हॉपकिन्समधल्या पन्नास रुग्णांचा अहवाल त्यांनी मांडला. त्यांतल्या फक्त तिघींना त्या जागी पुन्हा रोग झाला होता. म्हणजे सहा टक्के. जगभरचे सर्जन थक्क झाले आणि पुढची पाऊणशे वर्षे हीच शस्त्रक्रिया प्रमाण मानली गेली.

पण तिची किंमत बाईच्या देहाने मोजली. छाती आत गेलेली, बरगड्या कातडीखाली उघड्या दिसणाऱ्या, हात सुजून जड झालेला, खांदा आखडलेला. वेदनेवर तेव्हा मुख्य उतारा मॉर्फिनचाच होता. ॲस्पिरिनही बाजारात आली ती १८९९ मध्ये. मुळात तर्कच अपुरा होता हे कळायला मात्र १९७१ उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकन सर्जन बर्नार्ड फिशर यांनी बायकांचे गट पाडून एक मोठी चाचणी सुरू केली. हॉल्स्टेडची पूर्ण शस्त्रक्रिया झालेल्या बायका, स्नायू राखून केलेल्या साध्या शस्त्रक्रियेच्या बायकांपेक्षा जास्त जगत नाहीत, असे तिच्यातून दिसले. पंचवीस वर्षांनंतरचा, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला निकालही तोच होता. कर्करोग कडेकडेने सरकतो तसाच रक्तातून लांबही जातो. छाती कितीही खरवडली तरी तिथे सुरी पोचत नाही. स्वतः हॉल्स्टेड यांनाही दूरच्या हाडांत रोग सापडलेले रुग्ण दिसत होतेच. पुढे गाठ तेवढी काढून किरणोपचार देण्याची पद्धत आली, काखेतल्या एक-दोन ग्रंथी तपासून भागू लागले, आणि शस्त्रक्रिया सकाळी करून संध्याकाळी रुग्णाला घरी सोडता येऊ लागले.

इथे पुन्हा सिरोंचा येते. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ वसलेल्या या तालुक्यातल्या बाईच्या छातीत गाठ आली तर मोठे रुग्णालय म्हणजे आलापल्लीमार्गे चंद्रपूर, पुढे नागपूर, नाहीतर पूल ओलांडून तेलंगणातले वारंगळ. जिल्ह्याचे मुख्यालयच दोनशे किलोमीटरहून लांब. अंगावर दुखणे काढण्याची सवय इथल्या बायकांना जुनी आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. ६५० बायकांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के. गाठ दाखवायला निघणे हाच मोठा टप्पा. तो ओलांडून शस्त्रक्रिया झाली, त्याच दिवशी सुटी मिळाली, की हातात एक डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची पिशवी आणि पुढे खड्ड्यांतून कित्येक तासांचा प्रवास. ज्यावर गोळ्यांचा हिशेब लिहिलेला असतो तो कागद इंग्रजीत, घरातली भाषा कदाचित तेलुगू किंवा माडिया. दुखले तर फोन कुणाला करायचा, हे बहुधा कुणी सांगितलेले नसते.

दूर राहणाऱ्या रुग्णाला डॉक्टर जरा जास्तच गोळ्या लिहून देतो. हे माणुसकीने होते, आणि नेमकी तिथेच गोम आहे. अमेरिकेत या सवयीची मोजदाद झाली आहे. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ३६ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. शस्त्रक्रियेआधी ज्यांनी अफूजन्य औषध घेतलेले नव्हते, त्यांतले सुमारे सहा टक्के लोक तीन महिने उलटल्यावरही ते घेत होते. लहान शस्त्रक्रिया असो की मोठी, प्रमाणात फारसा फरक नव्हता. म्हणजे प्रश्न केवळ जखमेच्या वेदनेचा नव्हता. बरे होण्याच्या आशेने कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या घरात निघाले. दुसऱ्या एका आढाव्यात शस्त्रक्रियेनंतर दोन-तृतीयांशाहून जास्त रुग्णांच्या घरी गोळ्या उरलेल्या आढळल्या. उरलेली गोळी डब्यात पडून राहते. मग कुणाची कंबर दुखते, कुणाला झोप येत नाही, घरातला पोरगा ती चाखून पाहतो.

भारतात चित्र वेगळे आहे आणि गुंतागुंतीचेही. इथे घरी देण्याच्या अफूजन्य गोळ्यांत ट्रॅमाडॉल सर्वांत परिचित. २०१८ च्या एप्रिलपासून ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आली, तोवर ती इतर वेदनाशामकांसारखीच दुकानात मिळे. दुसऱ्या टोकाला, १९८५ च्या त्याच कायद्याने खऱ्या मॉर्फिनभोवती परवान्यांचे इतके कुंपण घातले की पुढच्या बारा वर्षांत देशातला त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. नीमच आणि मंदसौरच्या शेतांत अफू पिकवणाऱ्या देशात हाडांत कर्करोग पोचलेली बाई रात्रभर ओरडत राही आणि तिला देण्यासाठी रुग्णालयात मॉर्फिन नसे. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सैल झाले, तरी तालुक्याच्या गावी ते सहज मिळते असे अजूनही म्हणता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे; व्यसन म्हटले की लोकांना दारू आणि खर्रा आठवतो. पिशवीतली गोळी त्या यादीत नसते. मॉर्फिनचे नाव काढले की मात्र दचकतात.

या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पसरलेल्या कर्करोगाच्या असह्य वेदनेला मॉर्फिन हेच योग्य औषध आहे, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हवे तितके दिवस घ्यावे. गाठ काढण्याची छोटी शस्त्रक्रिया करून त्याच दिवशी घरी आलेल्या बाईचे प्रकरण निराळे. तिची वेदना पहिले दोन-तीन दिवस जास्त असते आणि मग उतरते. बहुतेकींना पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनसारखी साधी औषधे ठरलेल्या वेळी, दुखायची वाट न पाहता घेतली तर पुरतात. मूत्रपिंडाचा किंवा पोटातल्या व्रणाचा त्रास असेल तर त्यांतले कोणते चालेल ते डॉक्टरच ठरवतात. अफूजन्य गोळी लागलीच तर चार-पाच. निघतानाच विचारून घ्यावे की यांतली अफूच्या जातीची गोळी कोणती, ती कधी थांबवायची आणि उरली तर कुठे परत द्यायची. आठवड्यानंतरही तिच्यावाचून चालत नसेल तर दुसरी पट्टी विकत आणण्याऐवजी डॉक्टरांना कळवावे. काखेत किंवा दंडाच्या आतल्या बाजूला आग, मुंग्या, झिणझिण्या महिनोन् महिने राहत असतील तर ते दुखावलेल्या नसेचे दुखणे. त्याचे औषध वेगळे असते.

आणि गोळ्या इतक्या कमी का पुरतात, यात हॉल्स्टेड यांचा हात आहे. रुग्ण भूलेखाली असतानाच भूलतज्ज्ञ आता सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुई घालतो आणि छातीच्या नसांपाशी बधिर करणारे औषध सोडतो. कोकेन नव्हे, त्याची सवय न लागणारी वंशज औषधे. त्यामुळे जाग आल्यावर पहिले बरेच तास छाती दुखतच नाही. त्यातली एक पद्धत राफाएल ब्लँको या भूलतज्ज्ञाने २०११ मध्ये मांडली. तिच्यात औषध सोडतात ते छातीच्या मोठ्या आणि लहान स्नायूंच्या मधल्या पदरात. म्हणजे हॉल्स्टेड जे दोन स्नायू कापून टाकत, ते आता शाबूत राहतात आणि त्यांच्या मधोमध, १८८४ साली ज्या युक्तीने त्यांचा घात केला, तीच युक्ती बाईला अफूपासून दूर ठेवते. नागपूरसारख्या शहरात ही सोय मिळू शकते. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला तिच्याबद्दल विचारणे यात काही गैर नाही.

हॉल्स्टेड यांचे उरलेले आयुष्य बाहेरून शांत दिसले. ते अबोल झाले होते. बराच वेळ शस्त्रक्रिया सहायकांवर सोपवत, कधी मधूनच निघून जात, उन्हाळ्यात महिनोन् महिने दिसत नसत. शर्ट धुवायला पॅरिसला पाठवत. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातल्या मळ्यात डेलियाची फुले फुलवत. दुसरीकडे त्यांनी तरुण सर्जनला पायरीपायरीने जबाबदारी देत घडवण्याची पद्धत घालून दिली आणि तिच्यातून हार्वी कुशिंग, वॉल्टर डँडी असे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे आद्य पुरुष तयार झाले. आपल्याकडे एम. एस. करणारा निवासी डॉक्टर आज ज्या चाकोरीतून जातो तिची आखणी तीच. कोकेनही अधूनमधून चालू होते का, यावर चरित्रकारांत एकमत नाही. मॉर्फिनबद्दल शंका नाही. ऑस्लर यांच्या नोंदीप्रमाणे रोजची मात्रा बराच काळ तीन ग्रेनच्या, म्हणजे सुमारे दोनशे मिलिग्रॅमच्या खाली आली नाही. १८९८ पर्यंत ती निम्म्यावर आणता आली होती. पूर्ण बंद झाली नाही.

हे गुपित टिकले यात औषधाचा मोठेपणा नाही. शुद्ध, मोजका, अखंड पुरवठा हाताशी होता. पद होते, पैसा होता, वेल्श यांच्यासारखा मित्र पाठीशी होता आणि ऑस्लर यांच्यासारखा सहकारी गप्प राहिला. त्या सुरीखाली गेलेल्या रुग्णांना विचारले गेले नाही, हेही खरे. १९१४ मध्ये अमेरिकेत अफू आणि कोकेनवर कडक कायदा आला, तेव्हा ज्यांच्याकडे यांतले काहीच नव्हते अशा हजारो रुग्णांची औषधाची वाट एकाएकी बंद झाली. त्यांतल्या कित्येकांवर पोलिसांची वेळ आली.

१९१९ मध्ये हॉल्स्टेड यांच्या स्वतःच्या पित्ताशयावर शस्त्रक्रिया झाली. १९२२ च्या उन्हाळ्यात पुन्हा कावीळ आणि कळा सुरू झाल्या. या वेळी पित्तनलिकेत खडे होते. चाळीस वर्षांपूर्वी आईचे खडे ज्याने स्वयंपाकघरात काढले, त्याच्यावर आता त्यानेच घडवलेल्या शिष्यांनी सुरी चालवली. शस्त्रक्रिया झाली, पण मागून न्यूमोनिया झाला आणि ७ सप्टेंबर १९२२ रोजी, सत्तरी पुरी व्हायला दोन आठवडे कमी असताना ते गेले. कॅरोलिन त्याच वर्षी नोव्हेंबरात वारल्या.

ऑस्लर यांनी लिहून ठेवलेली नोंद १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाला ऐंशी वर्षे होत होती. हॉल्स्टेड बटलरमधून बरे होऊनच बाहेर पडले, असे तोवर सर्वत्र मानले जात होते.